‘गिट पुश’ मारण्याआधी कॉक पाहा

विहिरीवरची मोटर सुरू करायच्या आधी आमच्याकडचा माणूस मेनलाइनवरून एक चक्कर मारून येतो. कोणत्या वावराचा कॉक उघडा, कोणत्या वावराचा बंद, हे पाहिल्याशिवाय स्टार्टरचं हिरवं बटण दाबत नाही. रात्रीची लाइन असली तर बॅटरी घेऊन जातो, पण जातो. हरभऱ्याचं पाणी सोंगायला आलेल्या तुरीत शिरलं, की मग मोटर बंद करून काही उपयोग नसतो.

गिट म्हणजे प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि पुश म्हणजे ते बदल आपल्या मशीनवरून सर्व्हरवर पाठवणं. ‘गिट पुश’ एवढंच टाइप करून एंटर दाबणं म्हणजे ते हिरवं बटण. पुढे तुम्ही काहीच लिहिलं नाही, तर कोणती ब्रांच (कामाची वेगळी फांदी), कोणत्या सर्व्हरवर, कोणत्या नावाने जाणार हे गिट आपल्या मनाने ठरवतं. ‘आपल्या मनाने’ म्हणजे पुश.डिफॉल्ट नावाच्या एका सेटिंगप्रमाणे. नवीन शिकणाऱ्याला हे सेटिंग सहसा कोणी दाखवत नाही, कारण बहुतेक वेळा काही बिघडत नाही. ज्या दिवशी बिघडतं त्या दिवशी मात्र नेमकं दुसऱ्याचं काम बिघडतं.

ज्यांना क्लोन (सर्व्हरवरून प्रत घेणं), कमिट (बदल नोंदवणं) आणि ब्रांच जमतं, पण पुश अजून देवाच्या भरवशावर चालतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आज्ञा बोलतो तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरं टाइप करायची. टिंब, डॅश आणि मोकळ्या जागा मात्र इथे आहेत तशाच ठेवा.

आधी आमचा किस्सा. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत संध्याकाळी मी पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. कॉम्प्युटर चार, पोरं अकरा. पोरांनी काटापट्टीचा एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, कापसातला ओलावा, भाव. खाली निव्वळ क्विंटल आणि रक्कम. ओलाव्याचा हिशेब जरा किचकट. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत टक्क्यामागे कटती, आणि १२च्या वर माल परत. हे काम ‘ओलावा’ नावाच्या वेगळ्या ब्रांचवर चाललं होतं. दोघं मिळून करत होते, एक पोरगी आणि एक पोरगा.

एका संध्याकाळी त्या पोरीने ‘मेन’ या मुख्य ब्रांचवर एका गावाच्या नावातली वेलांटी दुरुस्त केली, कमिट केलं, ‘गिट पुश’ मारलं आणि घरी गेली. तिच्या मशीनवरच्या ‘ओलावा’ ब्रांचमध्ये दोन कच्चे कमिट पडून होते. प्रयोग म्हणून तिने १२च्या जागी २१ टाकून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पोराने पुल घेतलं, म्हणजे सर्व्हरवरचे बदल आपल्याकडे ओढले, आणि त्याचा प्रोग्रॅम २० टक्के ओलाव्याचा कापूस बिनबोभाट घ्यायला लागला.

“सर, म्या त मेनवरून एकच पुश मारलं,” ती म्हणाली. “ओलावा कसा काय गेला?”

टर्मिनल वर सरकवून पाहिलं. पुशच्या शेवटी एक नाही, दोन ओळी होत्या:

मेन -> मेन
ओलावा -> ओलावा

आणि त्यांच्या वर, पुश.डिफॉल्ट ठरवलेलं नाही आणि गिट २.० पासून नियम बदलणार आहे, अशी लांबलचक इंग्रजी सूचना. ती सूचना त्या मशीनवर कित्येक आठवडे येत होती. पोरांनी वाचली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

पायरी १: गिट किती जुनं ते पाहा

गिट --व्हर्जन

इथे २ने सुरू होणारा आकडा आला तर अर्धी काळजी मिटली. २०१४च्या मे महिन्यात गिट २.० आलं आणि साध्या पुशचा नियम बदलला. त्याआधी तो ‘मॅचिंग’ होता, आता ‘सिंपल’ आहे. आमचं ते मशीन दान आलेलं, त्यावर सेंटओएस ७ ही लिनक्स सिस्टिम होती, आणि त्या सिस्टिमसोबत येणारं गिट १.८.३ आहे. म्हणजे दहा वर्षांहून जुना नियम आमच्या अभ्यासिकेत जिवंत होता. गावातल्या शाळा-अभ्यासिकांना मिळालेल्या जुन्या मशीनवर ही पहिली पायरी टाळू नका.

पायरी २: सध्या काय ठरलंय ते पाहा

गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट पुश.डिफॉल्ट

उत्तर आलं नाही, तर कोणी काहीच ठरवलेलं नाही आणि गिटचा मूळ नियम चालू आहे. उत्तर आलं, तर ते कोणत्या फाइलमधून आलं हेही दिसेल. कोणीतरी कधीतरी कुठलातरी जुना लेख वाचून चिकटवलेली ओळ अशीच सापडते. फार जुन्या गिटला --शो-ओरिजिन कळत नाही. तिथे तेवढा शब्द गाळा.

पायरी ३: ‘अपस्ट्रीम’ समजून घ्या

पुढचं सगळं या एका शब्दावर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबू.

तुमच्या मशीनवर एक ब्रांच आहे. सर्व्हरवरही एक ब्रांच आहे. दोघींची नावं सारखी आहेत म्हणून त्या आपोआप जोडलेल्या नसतात. जोडणी वेगळी लिहून ठेवावी लागते: माझी ही ब्रांच सर्व्हरवरच्या त्या ब्रांचशी बांधलेली आहे. त्या दुसऱ्या टोकाला अपस्ट्रीम म्हणतात. पाइपाच्या भाषेत, तुमच्या पाइपाचं तोंड कोणत्या वावरात उघडतंय ते. पाहायचं असं:

गिट ब्रांच -व्हीव्ही

प्रत्येक ब्रांचसमोर चौकटी कंसात तिची अपस्ट्रीम दिसते. ‘ओलावा’समोर ‘ओरिजिन/ओलावा’ असेल तर ठीक (‘ओरिजिन’ हे गिटने सर्व्हरला दिलेलं नाव). काहीच नसेल तर अजून जोडणी झालेली नाही. आणि ‘ओलावा’समोर ‘ओरिजिन/मेन’ दिसलं, तर जरा सावध व्हा.

तसं दिसायला फार मोठी चूक करावी लागत नाही. ताज्या मेनवरून नवी ब्रांच काढायची म्हणून आपण लिहितो:

गिट स्विच -सी ओलावा ओरिजिन/मेन

सर्व्हरवरच्या ब्रांचवरून नवी ब्रांच काढली, की गिट मदत म्हणून जोडणीही करून देतं. पण ती ज्या ब्रांचवरून काढली तिच्याशीच, म्हणजे मेनशी. पुल घेताना हे सोयीचं असतं. पुश करताना हाच पाइप उलट्या दिशेने मेनमध्ये उघडू शकतो. उघडतो की नाही, हे पुश.डिफॉल्टवर ठरतं.

जोडणी नकोच असेल तर ब्रांच काढताना --नो-ट्रॅक लावा. गिट २.३७ किंवा नंतरचं असेल, तर त्याहून बरा उपाय आहे: ब्रांच.ऑटोसेटअपमर्ज हे सेटिंग ‘सिंपल’ करून ठेवा. मग नावं सारखी असतील तरच गिट जोडणी करतं.

पायरी ४: पाच पर्यायांतून एक निवडा

सिंपल: सध्या ज्या ब्रांचवर आहात तेवढीच जाते, आणि तिची अपस्ट्रीम त्याच नावाची असेल तरच. नावं वेगळी निघाली तर गिट नकार देऊन विचारतं की नक्की कुठे पाठवू. नवीन माणसाने हेच ठेवावं. दहापैकी नऊ जणांनी पुढचे चार पर्याय नुसते वाचून सोडून द्यावेत.

करंट: सध्याची ब्रांच, सर्व्हरवर त्याच नावाने. अपस्ट्रीम असो, नसो, कुठलीही असो. तिकडे त्या नावाची ब्रांच नसेल तर नवीन तयार होते. हा पर्याय मला वाईट वाटत नाही. ‘ओलावा’ ही ‘ओलावा’लाच जाणार, एवढी खात्री त्यात आहे. धोका इतकाच, की ब्रांचच्या नावात एक अक्षर चुकलं तर सर्व्हरवर गुपचूप दुसरी ब्रांच उगवते आणि दोन दिवस कोणाला कळत नाही. ब्रांचचं नाव देवनागरीत ठेवलं तरी गिटला चालतं, पण ऱ्हस्व-दीर्घाने पोरांची कशी फजिती होते ते मी पाहिलंय.

अपस्ट्रीम: सध्याची ब्रांच तिच्या अपस्ट्रीमला जाते, नाव काही का असेना. वरची गोष्ट आठवा. ‘ओलावा’ची अपस्ट्रीम ‘ओरिजिन/मेन’ असेल आणि हा पर्याय लावलेला असेल, तर ‘ओलावा’वर बसून मारलेला पुश थेट मेनमध्ये जातो. स्क्रीनवर ‘ओलावा -> मेन’ अशी ओळ येते, तीही पुश झाल्यावर. ज्यांचं काम मुद्दाम एकाच मध्यवर्ती ब्रांचवर गोळा होतं त्यांच्यासाठी हा ठीक आहे. शिकाऊ माणसाच्या मशीनवर मी तो दिसला की काढतो. जुन्या लेखांत याचंच नाव ‘ट्रॅकिंग’ असं सापडेल. ते पाहून चिकटवू नका.

मॅचिंग: दोन्हीकडे सारख्या नावाच्या जितक्या ब्रांच आहेत, तितक्या सगळ्या एका पुशमध्ये. सगळे कॉक उघडे. हा मूळ नियम का होता, यालाही कारण आहे. लिनस टॉरवाल्ड्सने २००५मध्ये गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलसाठी. तिथे एकेका माणसाचा आपला सार्वजनिक साठा (रिपॉझिटरी) असतो, त्यात दुसरा कोणी पुश करत नाही, आणि तयार झालेल्या सगळ्या ब्रांच एकदम बाहेर सोडणं त्याला सोयीचं पडतं. एका साठ्यावर अकरा पोरं असली की हीच सोय अंगावर येते. आणि यात --फोर्स (जबरीने पाठवणं) लावला, तर तुमच्या मशीनवरच्या महिनाभर जुन्या ब्रांचही सर्व्हरवरच्या ताज्या ब्रांचवर बसतात. फोर्स नसता तर गिटने त्या ‘मागे आहेत’ म्हणून नाकारल्या तरी असत्या.

नथिंग: नुसता ‘गिट पुश’ चालणारच नाही. दरवेळी ‘गिट पुश ओरिजिन ओलावा’ असं पूर्ण लिहायचं. गैरसोयीचं वाटेल, पण याची खरी जागा पुढच्या पायरीत येते.

हे सगळं लागू होतं ते तुम्ही ब्रांचचं नाव न लिहिता पुश करता तेव्हाच. नाव लिहिलं की पुश.डिफॉल्टला सहसा कोणी विचारत नाही; अपवाद ‘अपस्ट्रीम’ पर्यायाचा.

पायरी ५: ठरवा, पण कुठे ठरवताय ते पाहून

स्वतःचा लॅपटॉप असेल तर:

गिट कॉन्फिग --ग्लोबल पुश.डिफॉल्ट सिंपल

नव्या गिटमध्ये मूळ नियम हाच आहे, मग लिहायचं कशाला? कारण सिस्टिमच्या फाइलमध्ये कोणी दुसरं काही लिहून ठेवलं असेल, तर ग्लोबलची ओळ त्याच्यावर जाते. ग्लोबलवर सहसा एकाच गोष्टीची सरशी होते, ती म्हणजे त्या प्रोजेक्टच्या फोल्डरमधलं लोकल सेटिंग.

आता आमच्यासारख्यांची अडचण. ग्लोबल म्हणजे जगाला लागू नव्हे, त्या कॉम्प्युटरवरच्या एका लॉगिनला लागू. अभ्यासिकेत लॉगिन एकच असतं आणि त्यावर दिवसभरात पाच जण बसतात. एकाने ग्लोबल बदललं की पाचही जणांचं बदलतं, आणि बदलणारा तोवर घरी जाऊन जेवून झोपलेला असतो. अशा मशीनवर मी ग्लोबलमध्ये ‘नथिंग’ लावतो:

गिट कॉन्फिग --ग्लोबल पुश.डिफॉल्ट नथिंग

पोरं सुरुवातीला कुरकुरतात. “कायले एवढं लिहा लागते सर?” पण आधीच्या पोराने कोणती ब्रांच उघडी ठेवली होती हे न पाहता खुर्चीत बसून पुश मारायची सवय त्याने मोडते. हाताने ब्रांचचं नाव लिहिताना डोळे आपोआप स्क्रीनवर येतात. प्रत्येकाला वेगळं लॉगिन देता आलं तर तेच उत्तम. तेवढी सोय होईपर्यंत हे.

आणखी एक गोष्ट पोरांना हमखास चुकीची वाटते. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये लोकल सेटिंग करून ठेवलं, तर ते क्लोनबरोबर दुसऱ्याकडे जात नाही. तुम्ही तुमच्या मशीनवर नीट केलं म्हणून गटातल्या सगळ्यांचं नीट होत नाही. प्रत्येक मशीनवर जाऊन करावं लागतं. आमची चार मशीन होती म्हणून एका संध्याकाळी आटोपलं.

पायरी ६: कोरडा पुश

गिट पुश --ड्राय-रन

काहीही न पाठवता, पाठवलं असतं तर काय गेलं असतं ते गिट दाखवतं. यासाठी सर्व्हरशी बोलावं लागतं, म्हणजे नेट लागतंच. पण तुमचे बदल वर जात नाहीत. शेवटच्या ओळीतला बाण वाचा. डावीकडे तुमची ब्रांच, उजवीकडे सर्व्हरवरची. दोन्ही नावं तुमच्या मनातली आहेत ना? ओळ एकच आहे ना? मग --ड्राय-रन काढा आणि एंटर मारा.

त्या पोरीने त्या संध्याकाळी एवढं केलं असतं तर दुसरी ओळ पुश होण्याआधीच दिसली असती. अर्थात मी तेव्हा शिकवलंच नव्हतं, तर ती करणार कशी.

सिंपल लावल्यावर येणारे दोन निरोप

पहिला: ‘हॅज नो अपस्ट्रीम ब्रांच’. नवी ब्रांच काढली, पहिल्यांदाच पुश करताय, जोडणी झालेली नाही. एकदाच हे लिहा:

गिट पुश -यू ओरिजिन हेड

‘हेड’ म्हणजे सध्या जिथे उभे आहात ते. टाइप करताना चारही अक्षरं मोठी. ‘-यू’ने जोडणी लिहून ठेवली जाते आणि त्या ब्रांचवर पुढच्या वेळी साधा पुश पुरतो. दर नव्या ब्रांचला हे करण्याचा कंटाळा येत असेल, तर २०२२मध्ये आलेल्या गिट २.३७पासून पुश.ऑटोसेटअपरिमोट हे सेटिंग ‘ट्रू’ करता येतं. मग पहिल्याच साध्या पुशमध्ये त्याच नावाची ब्रांच सर्व्हरवर बनते आणि जोडणीही होते. सिंपल आणि हे, अशी जोडी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर आहे.

दुसरा निरोप लांब असतो. तुमच्या ब्रांचचं नाव आणि अपस्ट्रीमचं नाव जुळत नाही, असा त्याचा अर्थ. पायरी ३मधली चूक इथे पकडली जाते. या निरोपाखाली गिट काही आज्ञा सुचवतं, आणि त्यातली पहिली असते अपस्ट्रीमच्या नावाने पुश करायची, म्हणजे नेमकी मेनमध्ये. घाईत पहिलीच आज्ञा उचलून चिकटवणारे मी पाहिलेत. ती न उचलता वरचीच ‘-यू ओरिजिन हेड’ वापरा. जोडणी बदलून ‘ओलावा’ची होते.

दोन रिमोट (सर्व्हरवरचे साठे) असतील तर

दुसऱ्याच्या प्रोजेक्टची आपल्या खात्यात प्रत काढून काम करत असाल, तर पुल मूळ प्रोजेक्टवरून घ्यायचा आणि पुश आपल्या प्रतीत करायचा. त्यासाठी रिमोट.पुशडिफॉल्ट हे वेगळं सेटिंग आहे. त्यात आपल्या प्रतीच्या रिमोटचं नाव लिहा. अशा वेळी सिंपल आपणहून करंटसारखं वागतं, त्यामुळे बाकी काही बदलावं लागत नाही.

फोर्स

सिंपल असताना --फोर्स एकाच ब्रांचवर चालतो, एवढाच दिलासा. तरी शिकाऊ असेपर्यंत त्याच्या जागी --फोर्स-विथ-लीज वापरा. तुम्ही शेवटचं पाहिल्यानंतर सर्व्हरवरची ब्रांच पुढे सरकली असेल, तर तो नकार देतो. यातही एक खोच आहे: तुमचा एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत (सर्व्हरवरची ताजी माहिती आणत) असेल, तर गिटच्या लेखी तुम्ही ते ‘पाहिलेलं’च असतं, आणि मग लीज अडवत नाही. मेन ब्रांच तर सर्व्हरवरच संरक्षित करून ठेवा. पोरांवर विश्वास नाही म्हणून नव्हे, माझाही हात चुकतो.

नेट एका दांडीवर असेल तर

आमच्याकडे अभ्यासिकेच्या मागच्या कडुलिंबाखाली फोन ठेवला की हॉटस्पॉट जरा बरा चालतो. पुश मध्येच तुटला तर घाबरू नका. सगळा माल पोचल्याशिवाय सर्व्हर ब्रांच पुढे सरकवत नाही, त्यामुळे अर्धवट काही दिसत नाही. पण जिथे तुटला तिथून पुढे सुरू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून थोडं थोडं आणि वारंवार पुश करा, आणि काटापट्टीचे आठ-आठ एमबीचे फोटो कमिटमध्ये घालू नका.

ते जुनं मशीन अजून चालू आहे. त्यावर सिंपल लावता येतं, कारण तो पर्याय गिट १.७.११मध्येच आला होता. पण पुश.ऑटोसेटअपरिमोट लिहिलं तर गिट १.८ चूक दाखवत नाही, काही बोलतही नाही. ओळ फाइलमध्ये पडून राहते, काम मात्र करत नाही. त्या मशीनवर ‘-यू’ हातानेच लिहा. आम्ही मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलीय.